अधिक करू की वजा?
(प्रस्तावना)

“बाई, अधिक करू की वजा?”

पहिली ते चौथीच्या वर्गावर ज्यानं एक वर्ष तरी काढलं आहे, त्याच्या कानांना हा प्रश्न ओळखीचा असतो. शाब्दिक उदाहरण फळ्यावर लिहून होतं न होतं तोच मागच्या बाकावरून तो येतो. विचारणारं मूल आळशी नसतं, मठ्ठ तर मुळीच नसतं. त्याला बेरीज येते, वजाबाकी येते, हातचा घ्यायलाही येतं. कोणतं हत्यार उचलायचं तेवढंच कुणीतरी सांगायला हवं असतं आणि आपण ते सांगून टाकतो. “अगं, एकूण विचारलंय ना? मग?” मूल बेरीज करतं, उत्तर बरोबर येतं, आपण लाल पेनानं खूण करतो. त्या उदाहरणात विचार करण्याजोगं जे होतं, ते मात्र आपण केलेलं असतं. मुलाच्या वाट्याला उरते ती आकडेमोड.

हे पुस्तक त्या एका प्रश्नातून निघालं आहे. कसबा पेठेतल्या मुलांबरोबर सुटीच्या दिवशी सतरंजी टाकून बसताना जी उदाहरणं तयार झाली, तीच इथे एकत्र केली आहेत. ती पहिली ते चौथीच्या मुलांसाठी आहेत. ही प्रस्तावना मात्र त्यांच्या आईबाबांसाठी, आजीआजोबांसाठी आणि शिक्षकांसाठी आहे.

गणपती आठवड्यावर आले होते, तेव्हाची गोष्ट. दुसरीतली एक मुलगी माझ्यासमोर बसली होती. उदाहरण असं होतं : नैवेद्याला २१ मोदक हवे आहेत. १३ वळून झाले. आणखी किती वळायचे? तिनं ‘आणखी’ या शब्दाखाली रेघ मारली, २१ आणि १३ एकाखाली एक मांडले आणि ३४ लिहिले. बेरीज चोख होती. मी वही मिटली आणि विचारलं, “तुमच्याकडे मोदक कोण वळतं?” “आजी.” “आत्ता आजीच्या ताटात किती आहेत?” “तेरा.” “आणि आजी कधी थांबणार?”

ती गप्प झाली. मग एकेक बोट उघडत म्हणू लागली, “चौदा, पंधरा, सोळा…” एकविसाला आठवं बोट उघडलं. “आठ!” मग तिनं आपणहून वही उघडली, ३४ कडे पाहिलं आणि म्हणाली, “चौतीस कसे होतील? एकवीसच तर करायचेत.”

तिची चूक मी तिला दाखवली नव्हती. ताटात तेरा मोदक आहेत आणि आजी एकविसाला थांबणार आहे, हे तिच्या डोळ्यांसमोर आल्याबरोबर चूक तिची तिलाच दिसली. शिवाय तिनं वजाबाकी केलीच नव्हती, ती तेरापासून पुढे मोजत गेली होती. पाठ्यपुस्तकात या उदाहरणाची रीत २१ वजा १३ अशी असते. तिच्या मनात मात्र ताट भरत चाललं होतं, त्यातून कुणी काही काढून घेत नव्हतं. दोन्ही वाटा आठावरच येतात. पण दुसरीतल्या मुलीला चालायला सोपी आणि खरी वाटणारी वाट तिची होती. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातले थॉमस कार्पेंटर, एलिझाबेथ फेनेमा आणि त्यांचे सहकारी लहान मुलांच्या अशा रीतींचा वर्षानुवर्षं अभ्यास करत होते. त्यांना आढळलं ते असं की, क्रिया शिकवण्याच्या आधीही मुलं गोष्टीत जे घडतं ते बोटांवर, मण्यांवर घडवून पाहतात आणि उत्तरापर्यंत पोचतात. मोदकांच्या ताटापाशी मला तेच दिसलं.

इथे माझी एक चूक सांगणं भाग आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी वर्गाच्या भिंतीवर एक तक्ता लावला होता. एकूण, मिळून, आणखी म्हणजे बेरीज. उरले, कमी, फरक म्हणजे वजाबाकी. तक्ता सुबक होता, मुलांनी तो पाठ केला, चाचणीत गुण वाढले. मग एकदा मी विचारलं : आजीनं काही पणत्या आणल्या. त्यातल्या ५ फुटल्या. १९ उरल्या. आजीनं किती आणल्या होत्या? सगळ्या वर्गानं तक्त्याकडे पाहिलं. ‘उरल्या’ म्हणजे वजाबाकी. १९ वजा ५, उत्तर १४. १९ पणत्या डोळ्यांसमोर शिल्लक असताना आणल्या होत्या फक्त १४, हे एकाही मुलाला खटकलं नाही. तक्त्यानं मुलांना वाचायला शिकवलं नव्हतं, शब्द हुडकायला शिकवलं होतं. त्या संध्याकाळी मी तो काढून टाकला.

हे आपल्याकडेच घडतं असं नाही. फ्रान्समध्ये ग्रनोब्ल इथल्या संशोधकांनी १९८० च्या सुमारास प्राथमिक शाळेतल्या ९७ मुलांना विचारलं : एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ७६ मुलांनी उत्तर काढलं, दिलेल्या आकड्यांचीच काहीतरी जुळवाजुळव करून. मीही आमच्या मुलांना विचारून पाहिलं : लाल महालासमोर १५ कबुतरं आणि ८ सायकली आहेत, तर पहारेकऱ्याचं वय काय? वह्यांवर २३ उमटू लागले. एका मुलानं आधी ७ काढले होते. पहारेकरी सात वर्षांचा कसा असेल म्हणून ते खोडून त्यानं २३ केले. वय पटेल असं हवं, एवढा विचार त्यानं केला होता. कबुतरांचा वयाशी संबंध काय, हे विचारायची मुभा गणिताच्या तासाला असते हे मात्र त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ती मुभा मुलांना मिळावी म्हणून या पुस्तकात अधूनमधून अशीही उदाहरणं घातली आहेत, ज्यांचं खरं उत्तर ‘सांगता येत नाही’ हेच आहे.

याच्या उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात तेरेझिन्या न्यूनेस आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी रस्त्यावर नारळ, भाजी, खाऊ विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास केला; तो १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. गिऱ्हाईक होऊन विचारलेल्या हिशेबांपैकी ९८ टक्के मुलांनी बरोबर सोडवले. तसेच हिशेब नुसते आकडे म्हणून कागदावर दिले तेव्हा बरोबर आले ३७ टक्के. ३५ चा एक, तर दहा नारळांचे किती, हे सांगताना एक बारा वर्षांचा मुलगा ३५ पुढे शून्य देत नाही. तीन नारळांचे १०५, आणखी तीन म्हणजे २१०, असं करत तो ३५० पर्यंत जातो. मंडईच्या आसपास गाळ्यावर बसणारी मुलं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वाचून नवल वाटणार नाही. गजऱ्यांचा हिशेब तोंडी करून नेमके सुटे पैसे परत देणारा मुलगा तोच हिशेब वहीत चुकवतो. त्याला गणित येत नाही असं म्हणणं अन्यायाचं आहे. वहीतल्या त्या आकड्यांना धरायला गजरे नाहीत, हे त्याचं खरं कारण आहे.

म्हणून ही उदाहरणं पेठेतून घेतली. कसबा ही पुण्यातली सर्वांत जुनी पेठ. इथे मानाचा पहिला गणपती आहे, लाल महाल आहे, कुंभारवाडा आहे, तांबट आळी आहे. मुलं शाळेत जाता-येता हे सगळं पाहतात. मोजण्यासारखं इतकं काही पायाखाली असताना उदाहरणातल्या माणसांनी कधी न पाहिलेल्या बागेतली सफरचंदंच का वाटून घ्यावीत?

तांबट आळीतला एक प्रसंग या पुस्तकाला वळण देऊन गेला. तिसरी-चौथीची चार-पाच मुलं घेऊन मी तिथे थांबले होते. एक कारागीर तांब्याच्या भांड्यावर मठारकाम करत होते. हातोडीचा एक ठोका, भांडं किंचित फिरवायचं, पुन्हा ठोका. ठशांची एक ओळ भांड्याभोवती फिरून स्वतःला येऊन मिळाली की दुसरी सुरू. एका मुलानं विचारलं, “या अख्ख्या भांड्यावर किती ठोके असतील?” मी उत्तर दिलं नाही, मला ठाऊकही नव्हतं. मुलं आपसात बोलू लागली. एकेक ठसा मोजायचा तर मोजताना चुकणार. मग एकीनं सुचवलं, एक ओळ मोजू. ओळीत निघाले ४०. मग ओळी मोजल्या, त्या १२. “चाळीस बारे चारशे ऐंशी!” इतक्यात, तोवर गप्प असलेला एक मुलगा म्हणाला, “पण आपण पोटाची ओळ मोजली. गळ्यापाशी भांडं बारीक आहे, तिथे कमी असणार.” सगळ्यांनी पुन्हा भांड्याकडे पाहिलं. गळ्याची ओळ मोजली, ती २५ ची निघाली. शेवटी ठरलं की ठोके ४८० पेक्षा कमी आणि ३०० पेक्षा जास्त आहेत. नेमका आकडा आम्हाला मिळाला नाही. पण थेट मोजता येत नाही असं काहीतरी दोन बाजूंनी कसं कोंडीत पकडायचं, हे त्या मुलांनी फळ्याशिवाय शोधून काढलं होतं. ‘त्याची रीत काय?’ असं आपण मुलांना सतत विचारतो; रीत जन्माला येताना मी त्या दिवशी पाहिली.

रीत आणि पाठांतर यांचं भांडण लावण्याचा या पुस्तकाचा हेतू नाही. पंतोजींच्या शाळेत मुलं पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ म्हणत. रुपयाचे १६ आणे आणि आण्याचे ४ पैसे असत, तेव्हा सव्वा आणि दीडपट क्षणात तोंडी काढता येणं ही बाजारातली गरज होती. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि ती गरज ओसरली. पाढे आजही हवेत. चाळीस बारे ४८० हे त्या मुलांच्या तोंडी होतं म्हणून तांबट आळीतलं बोलणं पुढे गेलं. हातोडी हाताला सरावलेली असावीच लागते. पण पातेलं घडवायचं की हंडा, हे हातोडी ठरवत नाही.

गणित गोष्टीतून विचारायची आपली परंपराही जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘लीलावती’ लिहिली. त्यातली कितीतरी उदाहरणं एका मुलीशी बोलावं तशी आहेत. त्यांत भुंगे आहेत, हंस आहेत, मोर आणि साप आहेत. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी नातू चांगदेव यानं मठ काढला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण इथे आहे. त्या उदाहरणांतले भुंगे शोभेपुरते नाहीत. थवा कुठून कुठे गेला हे मनात उमटल्याशिवाय सुरुवातच करता येत नाही.

पुस्तकाची रचना आता थोडक्यात सांगते. बेरीज-वजाबाकीची उदाहरणं चार तऱ्हांची आहेत : काहीतरी वाढतं, काहीतरी कमी होतं, दोन गट मिळून एक होतो आणि दोन गटांची तुलना होते. प्रत्येक तऱ्हेत न सांगितलेला आकडा कधी शेवटी असतो, कधी मध्ये, कधी सुरुवातीला. आपण मुलांना बहुतेक वेळा शेवटचा आकडा विचारतो. मोदकांत तो मधला होता आणि पणत्यांत पहिला. मुलं अडतात ती तिथे. म्हणून या तिन्ही जागा मुद्दाम आलटून पालटून ठेवल्या आहेत.

तुलनेला सर्वांत जास्त पानं दिली आहेत, कारण तिथे भाषाच आडवी येते. एका दुकानात ९ हंडे, शेजारच्या दुकानात ६. पहिल्यात किती जास्त? मुलं म्हणतात, “नऊ.” त्यांना प्रश्न ऐकू येतो तो ‘जास्त जिथे आहेत तिथे किती?’ असा. मग शब्द बदलून पाहावेत : “दोन्ही दुकानांतले हंडे जोडीजोडीनं उभे करू. जोडी न मिळालेले किती?” सहा जोड्या लागतात, तीन हंडे एकटे राहतात. तीच मुलं आता चटकन तीन सांगतात.

आकड्यांच्या नावांचंही तसंच आहे. आपण ‘पंचवीस’ म्हणतो तेव्हा पाच आधी आणि वीस नंतर येतात, लिहिताना मात्र दोन आधी. ऐकलेल्या क्रमानं लिहिणारं मूल ५२ लिहून ठेवतं. ‘एकोणचाळीस’मध्ये चाळीस ऐकू येतात आणि आत एकाची वजाबाकी लपलेली असते. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आणलं तेव्हा मोठा वाद झाला, विधिमंडळातही तो गाजला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी मुलांची ही अडचण शांतपणे समजावून सांगितली होती. ‘गणितगप्पा’ लिहिणाऱ्या त्या लेखिकेला मुलं कुठे ठेचकाळतात हे नीट माहीत होतं. या पुस्तकात जुनीच नावं ठेवली आहेत, पण एखादं मूल ‘तीस नऊ’ म्हणालं तर त्याला अडवू नका. दशक आणि एकक त्यानं ओळखले आहेत.

भागाकाराच्या प्रकरणातली तीन उदाहरणं मोठ्यांनी आधी स्वतः सोडवावीत. एका रिक्षात ३ जण बसतात. १० माणसांना किती रिक्षा लागतील? १० फूट दोरीचे ३-३ फुटांचे तुकडे किती होतील? १० लाडू ३ भावंडांत सारखे कसे वाटाल? वहीत तिन्हीची मांडणी तीच, भागाकार ३, बाकी १. पण रिक्षा ४ लागतात, एका माणसाला रस्त्यावर सोडून जाता येत नाही. दोरीचे तुकडे ३ च, उरलेला फूटभर बाजूला. आणि लाडवांचं उत्तर मुलं स्वतःच देतात : तीन-तीन घ्यायचे आणि उरलेल्याचे तीन तुकडे करायचे. आकडे तेच असून उत्तरं तीन झाली, कारण गोष्टी तीन होत्या. तसंच दर्शनाच्या रांगेचं. माझ्यापुढे ६ जण, मागे ४. रांगेत एकूण किती? दहा म्हणणारी मुलं स्वतःला मोजायला विसरतात. त्यांना उठवून रांगेत उभं करा, अकरावा माणूस त्यांना सापडेल.

शेवटचा भाग नुसत्या गमतीचा आहे आणि सरावही त्यातच सर्वांत जास्त होतो. देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर आकड्यांशी आयुष्यभर खेळले. त्यांची ६१७४ ही संख्या जगभर ओळखली जाते. चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. समजा ३५२४. त्यांची सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान संख्या करून वजाबाकी करा : ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. पुन्हा तसंच : ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. पुन्हा : ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. इथून पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च. कोणत्याही अंकांपासून निघालात तरी सात वजाबाक्यांच्या आत तिथेच पोचता. हातच्याच्या पाच वजाबाक्या दिल्या तर कंटाळणारी चौथीची मुलं यासाठी आपणहून वीस करतात. सात वजाबाक्यांत ६१७४ आली नाही, तर कुठेतरी चूक झाली हे ओळखून ती स्वतःच मागे जाऊन तपासतात.

मोठ्यांना विनंती एवढीच. उदाहरण आधी आकडे झाकून वाचा आणि काय घडलं ते मुलाला त्याच्या शब्दांत सांगू द्या. मग चित्र काढू द्या. मोदकासाठी गोल आणि माणसासाठी रेघ पुरते. उत्तर साधारण किती यावं याचा अंदाज विचारा. मग सोडवू द्या, बोटांवर, मण्यांवर, त्याच्या कुठल्याही रीतीनं. शेवटी ताळा. जॉर्ज पोल्या यांनी १९४५ मध्ये प्रश्न सोडवण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या, त्यातली चौथी मागे वळून पाहण्याची आहे. आपल्या जुन्या शिक्षकांचा ‘ताळा पाहिलास का?’ हा प्रश्न तोच होता. फक्त ताळा आकड्यांचाच नको, गोष्टीचाही हवा : एकविसाला थांबणाऱ्या आजीच्या ताटात चौतीस मोदक येतील का?

आणि मूल अडलं की थोडं थांबा. ही या पुस्तकातली सर्वांत अवघड सूचना आहे. समोर मूल गप्प बसलेलं असताना उत्तर ओठांवर येतं, हे मी रोज अनुभवते. त्या शांततेत बहुतेक वेळा काहीतरी चाललेलं असतं. आपण बोललो की ते मोडतं. आणि “अधिक करू की वजा?” असा प्रश्न आलाच, तर त्यावर एकच विचारा : “काय झालं, ते मला सांग बरं.”

प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक कोरं पान ठेवलं आहे. त्यावर मुलांनी स्वतः उदाहरण रचायचं आहे, आपल्या आळीतलं, आपल्या घरातलं. ज्याला उदाहरण रचता येतं त्याला ते कळलेलं असतं. याहून खात्रीची चाचणी मला सापडलेली नाही. मोदकांच्या त्या मुलीनं रचलेलं उदाहरण पहिल्या प्रकरणाच्या अखेरीस नमुना म्हणून छापलं आहे. त्यात आजी आहे, ताट आहे, आणि न सांगितलेला आकडा तिनं बरोबर मध्ये ठेवला आहे.

माझ्या प्रश्नांसाठी हातातली हातोडी थांबवणाऱ्या तांबट आळीतल्या कारागिरांचे, फुटक्या पणत्या मोजायला देणाऱ्या कुंभारवाड्यातल्या मावशींचे आणि चुकीची उत्तरं न खोडता मला वाचू देणाऱ्या मुलांचे मनापासून आभार. या पुस्तकातली चांगली उदाहरणं त्या चुकांतूनच आली आहेत.

कसबा पेठ, पुणे
गुढीपाडवा